प्लास्टरची हिरडी

दवाखाना वर होता आणि लॅब खाली, तळघरात. वर पांढरीशुभ्र फरशी, कुंड्यांतली हिरवीगार झाडं, भिंतीतून झिरपल्यासारखं वाजणारं मंद संगीत. खाली एक लांबलचक टेबल, दोन पिवळे दिवे, घासायची मोटार आणि छताला लागून एक अरुंद खिडकी. ती खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. अठरा वर्षं त्या खिडकीखाली बसून जिने लोकांचे दात ओतले, तिला सगळा दवाखाना प्लास्टरताई म्हणायचा. खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं.

काम म्हटलं तर सोपं. वर डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे दाबून माप घ्यायचे आणि तो ट्रे ओल्या फडक्यात गुंडाळून खाली यायचा. ताई त्यात प्लास्टर ओतायची. ते घट्ट झालं की ट्रे सोडवायचा, कडा घासायच्या, झाला त्या माणसाचा जबडा तयार. मग त्यावर तार वाकव, प्लेट बनव, कवळी बसव. माणूस कधी दिसायचा नाही, आणि ताईला माणसाची गरजही नव्हती. बाजारात कुणी खळखळून हसलं की ही मनात म्हणायची, अरे, हा तर आपला डावीकडचा वळलेला सुळा! एकदा बसमध्ये तिने एका अनोळखी बाईला आपुलकीने विचारलं, "आता दाढ काय म्हणतेय?" ती बाई पुढच्याच थांब्यावर उतरून गेली.

आणि हिचे स्वतःचे दात? ते पुढे. लहानपणी थोडेसेच होते, वडिलांसारखे. शाळेत मुलं फावडी म्हणायची, ती रडायची, मग रडायचं विसरायची. लग्नात काही अडलं नाही. पण पस्तिशी उलटल्यावर ते दात पुन्हा चालायला लागले. वरचे चार पुढचे दात पंख्याच्या पात्यांसारखे पसरले, मधे फट पडली, आणि ओठ मिटायचे तर हनुवटीला जोर लावावा लागायचा. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "अगं, अजून थोडी रुंद होऊ दे फट. माझी बस लावायची सोय होईल."

"तुमची बस लावायला तुमचं तोंड पुरेसं आहे," ती म्हणायची.

दात पुढे का येतात हे तिला तोंडपाठ होतं. अंगठा चोखायची सवय, गिळताना जीभ पुढे रेटायची सवय, तोंडाने श्वास घेणं, आईबापांकडून आलेला जबडा. अठरा वर्षं हेच कानावर पडत होतं, कारण वर येणारी पोरंसोरं याच कारणांची असायची. तिने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता: वडिलांचं देणं. सकाळी दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी यायचं. त्याचं कारण तिच्या मते ब्रश. दोनदा तिने ब्रश बदलला होता.

दातांचं एकवेळ चाललं असतं. पण तिला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसाचा, मग जिना चढतानाचा. छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "काम काय करता?"

तिने सांगितलं.

"मास्क?"

"लावते की. आठवलं की लावते."

"तुम्हाला आठवेपर्यंत धूळ थांबत नाही हो," ते म्हणाले. "ती जागा सोडा. लवकर सोडलीत तर हे आहे एवढ्यावर थांबेल. नाही सोडलीत तर पुढच्या खेपेला मी गोड बोलणार नाही."

आता अठरा वर्षं एकच काम केलेली बाई जागा सोडून जाणार कुठे? तिने रात्रंदिवस विचार केला तेव्हा एकच खुर्ची दिसली. वर, दारासमोर, काउंटरची. तिथे बसणाऱ्या मावशी चार महिन्यांनी मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. तिथे मोटार नव्हती, प्लास्टर नव्हतं. खिडकी होती आणि तिच्यातून अख्खी माणसं दिसत होती. ताई देवभोळी. तिने त्या दिवशी जिन्यातच हात जोडले, "देवा, मला तेवढी खुर्ची दे. दुसरं काही मागणार नाही." आणि पदर सावरून दवाखान्याच्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला अरेतुरे केलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन बंद केलं, पुन्हा उघडलं.

"ताई, तुमच्या तब्येतीचं ऐकून वाईट वाटलं. पण काउंटर... बघा, राग मानू नका. माणूस दातांच्या दवाखान्यात शिरला की आधी काय बघतो?"

"काय?"

"समोर बसलेल्याचे दात."

ताईने पदर ओठांवर ओढला. मग एकदम म्हणाली, "तर माझे आत घ्या ना, डॉक्टर. जगाचे घेता. अठरा वर्षं मी त्यांच्यावर तारा वाकवतेय."

डॉक्टर हसले. खरोखरच्या आश्चर्याने हसले, की हे आधी आपल्या कसं लक्षात आलं नाही. "घेऊ या की! चार महिने आहेत. माप आणा बघू उद्या."

दुसऱ्या दिवशी ताईने तळघरात आरशासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडात ट्रे दाबला. उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तीन मिनिटं दाबून धरला. प्लास्टर असं ओतलं की एक बुडबुडा सापडला तर शपथ. कडा घासून, पॉलिश करून तो जबडा तिने वर नेला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, उजेडाकडे वळवला, डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला.

"अगदी सोपं आहे. फटी आहेत, म्हणजे मागे सरकायला जागा आहे. साधी प्लेट, पुढून तार. तुम्हीच बनवा, तुमच्याहून चांगली कोण बनवणार? मी बघत राहीन मधूनमधून."

"हे असं कशाने झालं असेल?"

"वडिलांचे कसे होते?"

"पुढेच."

"मग झालं."

तपासायची खुर्ची तिथून चार पावलांवर होती. डोक्यावर दिवा होता. छोटा आरसा धुऊन पुसून ट्रेमध्ये ठेवलेला होता. डॉक्टरांना म्हणावंसं वाटलं नाही की ताई, बसा, जरा आ करा. आणि ताईलाही विचित्र वाटलं नाही की आपले दात बघताना यांनी आपल्याकडे बघितलंच नाही. दोघांनाही सवयच तशी होती. एक जण माप खाली पाठवायचा, दुसरी जबडा वर पाठवायची, आणि दोघांच्या मते त्या दोन मुठींएवढ्या प्लास्टरमध्ये सगळा माणूस आलेला असायचा. प्लास्टरमध्ये हिरडी येते, नाही असं नाही. पांढरी, गुळगुळीत, टणक. तिच्यातून रक्त येत नाही, आणि तिच्याखाली हाड आहे की नाही हे ती कुणाला सांगत नाही.

आधी ताईने गंमत म्हणून त्या जबड्याचे चार दात बारीक करवतीने कापले आणि मेणात पुन्हा बसवले, आत, ओळीत. एका दुपारचं काम. मोठ्या केसला असं करून बघायची पद्धतच होती. घरी नेऊन नवऱ्याला दाखवलं. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"हे कोण?"

"मी. चार महिन्यांनंतरची."

"आणि मी घरी आल्यावर ओळखायचं कशावरून?"

"आवाजावरून ओळखा. तो कुठे जातोय."

त्याने तो जबडा हळूच टेबलावर ठेवला. "मला तुझे दात कधी खुपले नाहीत, बरं का. तुझा खोकला खुपतो. त्याच्यासाठी करतेस तर कर."

प्लेट झाली. गुलाबी, पातळ, टाळूला चिकटून बसणारी, आणि पुढून दातांवरून गेलेली एक चकचकीत तार. तारेच्या दोन्ही टोकांना वळसे होते. पक्कडीने ते वळसे किंचित आवळले की तार दातांना मागे ढकलते. महिन्याने एकदा आवळायचं, केसाएवढं. हे ताईला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही, तिने हजार जणांच्या पिशवीवर तशी चिठ्ठी लिहून चिकटवली होती. पण हजार जणांना खुर्ची हवी नव्हती. तिने पहिल्यांदा महिन्याने आवळलं आणि पुढे दहा-दहा दिवसांनी.

आणि काय सांगावं, दात सरकले! असे सरकले की जणू कुणी हाक मारायचीच वाट बघत होते. सहा आठवड्यांत फट मिटली. अठरा वर्षांत इतक्या पटापट आत आलेले दात तिने पाहिले नव्हते. पोरांचे सुद्धा रडवतात, आणि इथे एक्केचाळिसाव्या वर्षी लोण्यात बोट घातल्यासारखं. आरशात बघून तिने हात जोडले. "देवा, ऐकलंस रे बाबा," ती म्हणाली. ते मनापासून म्हणाली, त्यात तसूभर खोट नव्हती. पण माणूस देवाजवळ मागतो ते एका दाराने, आणि देव सांगायला येतो तो कोणत्या दाराने येईल याचा नेम नाही. देवाने तिला सांगायचं ते गेली पाच वर्षं रोज सकाळी बेसिनमध्ये गुलाबी रंगात सांगितलं होतं. तिने नळ सोडून ते धुऊन टाकलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, मधूनमधून बघेन. जिन्यात भेटले की ते बघायचे. "वा, ताई! हसा बघू. वा!" आणि पुढे जायचे.

चार महिने पुरे व्हायच्या आतच त्यांनी तिचा फोटो काढला. आधीचा फोटो काढलेलाच नव्हता, म्हणून गेल्याच वर्षीच्या दवाखान्याच्या सहलीतल्या फोटोतून तिचं तोंड तेवढं कापून मोठं केलं. दोन्ही शेजारी शेजारी काचेत बसवून बाहेरच्या खोलीत, काउंटरच्या बरोब्बर वर लावले. खाली लिहिलं: वय एक्केचाळीस. चार महिने. फक्त एक प्लेट.

मावशी गेल्या. ताई खुर्चीत बसली.

ते दिवस तिला कुणी विसर म्हटलं तरी विसरता येणार नाहीत. सकाळचं ऊन काउंटरवर यायचं. लोक आत शिरताना तिला "मॅडम" म्हणायचे. पहिल्यांदा तिने मागे वळून बघितलं होतं, कोण मॅडम ते. पंधरा दिवसांत खोकला निम्मा झाला. नवरा म्हणाला, "घरात इतकी शांतता, मला वाटलं तू माहेरी गेलीस."

तीन आठवड्यांनी तिने सफरचंदाची फोड चावली आणि मधला दात हलला.

हलला म्हणजे फोडीबरोबर बाहेर निघाला आणि परत आत आला. तिने जिभेने ढकलून बघितलं. तो पुढे कलला. शेजारचाही कलला. दोन दिवसांत हिरडी टच्च सुजली आणि तोंडाला गंजलेल्या खिळ्यासारखी चव आली. तिने डॉक्टरांना गाठलं, ते पेशंटकडे निघाले होते. "सरकलेले दात थोडे हलतातच हो, तुम्हाला मी सांगायचं? प्लेट घालत राहा, बसतील."

हे खोटं नव्हतं. सरकलेले दात थोडे हलतातच. पण अठरा वर्षं प्लास्टरवर फिरलेल्या त्या बोटांना थोडं म्हणजे किती हे बरोबर कळत होतं. एक दिवसाची रजा टाकून नवऱ्याला घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली.

तिथे हिरड्यांची म्हणून एक वेगळी डॉक्टरीण होती. वयाने लहान, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तुटक. तिने ताईला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी प्लास्टरताईला म्हणालं, "आ करा."

बारीक खुणा असलेली सळई ती दात आणि हिरडीच्या मधे घालत होती आणि सळई किती मिलिमीटर आत गेली त्याचे आकडे बाजूच्या नर्सला सांगत होती. "सहा. आठ. सात. आठ. नऊ." नर्स लिहीत होती. चांगला आकडा दोन किंवा तीन, हे ताईला माहीत होतं. ते ऐकून-ऐकून माहीत होतं. वरून आलेल्या कुठल्याही जबड्यावर तो आकडा कधी लिहिलेला नसायचा.

मग एक्स-रे आला. डॉक्टरीणबाईंनी तो काचेवर लावला आणि पेनाने दाखवला. "ही दातांची मुळं. ही रेघ हाडाची. ती इथे हवी, दाताच्या गळ्याशी. तुमची कुठे आहे?"

रेघ मुळाच्या टोकाशी होती. चार दात नुसते हिरडीत खोचून ठेवल्यासारखे उभे होते.

"ही प्लेट कुणी लावली?"

"मीच."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी दात बनवते."

"त्याआधी हिरड्या कुणी तपासल्या होत्या?"

कोपऱ्यात उभा असलेला नवरा म्हणाला, "तिथे तपासायचे डॉक्टर आहेत ना. मोठे आहेत."

"त्यांनी एक्स-रे काढला?"

"त्यांनी प्लास्टर बघितलं," ताई म्हणाली.

बाईंनी चष्मा वर सरकवला. त्यांचा राग कुणावर आहे ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नसावं. "हे बघा मावशी. लहानपणापासून पुढे असतात ते दात वेगळे. पस्तिशीनंतर दात चालायला लागले, फट पडली, रक्त येतंय, तर ते वडिलांकडून आलेलं नसतं. मुळांभोवतीचं हाड झिजत असतं, आधार गेला म्हणून दात बाहेर कलतात. आधी हिरडीची साफसफाई करायची, आतली, मुळापर्यंतची. मग थांबायचं, चार-सहा महिने. रक्त थांबलं, सूज गेली, की मग तार, आणि तीही अगदी हलकी. आणि शेवटी दातांच्या मागून एक बारीक तार चिकटवायची, ती जन्मभर. झाले असते हो तुमचे चांगले. दीड-दोन वर्षं लागली असती. पण झाले असते."

"आता?"

"मधले दोन गेले. बाजूचे दोन मागून बांधून बघते."

"हे इतके लवकर सरकले..."

"अडवायला हाडच नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, "तुम्हाला वाटलं असेल गुण येतोय."

नवरा बाहेरच्या बाकावर येऊन बसला आणि त्याने दोन्ही हात बसचं स्टिअरिंग धरल्यासारखे हवेत धरले. मग हात मांडीवर ठेवले. त्या दिवशी तो एकही विनोद करू शकला नाही.

मधले दोन काढून टाकल्यावर त्यांच्या जागी बसवायची दोन दातांची प्लेट ताईने स्वतः बनवली, रविवारी, बंद दवाखान्याच्या तळघरात. रंग असा जुळवला की शेजारच्या दाताला वाटावं, हा आपलाच भाऊ. सोमवारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"किती दिवसांनी आवळत होता?"

"दहा."

"महिन्याने हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

वार नेमका बसला. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या तोंडात एकदाही बघितलं नाहीत."

"तुम्ही एकदा तरी दाखवलंत?"

दोघंही खरं बोलत होते. डॉक्टर खिडकीकडे गेले. "झालं ते वाईट झालं. पण दिसायला तुम्ही छान दिसताय, कुणाला कळायचं कारण नाही. खुर्ची तुमचीच आहे. फोटो राहू दे. त्याच्याबद्दल बाहेर बोलायची गरज नाही." एवढंच बोलले. अट वगैरे शब्द त्यांनी काढला नाही. फार सभ्य माणूस.

आणि ताईने मान हलवली. मनाला ती म्हणाली, छाती वाचली तर वाचली, दोन दात गेले, चालायचंच. ती त्या फोटोखाली बसली. लोक वर बोट दाखवून विचारायचे, "मॅडम, हे तुम्हीच ना? किती दिवस लागले?" ती म्हणायची, "चार महिने." आणि नाव लिहून घ्यायची. बहुतेक कोवळी पोरं असायची, हिरड्या धडधाकट. त्यांचं काय बिघडणार होतं, ती स्वतःला सांगायची. संध्याकाळी देवापुढे हात जोडायची तेव्हा मात्र तिला काय मागावं ते सुचेना. नुसती उभी राहून परत फिरायची.

असे दोन महिने गेले. मग एक शाळेतली शिक्षिका आली. पंचेचाळिशीची, तोंडासमोर रुमाल. रुमाल खाली केला तेव्हा ताईने हातातलं पेन खाली ठेवलं. पंख्याची पाती. मधे फट.

"माझे आधी असे नव्हते हो," शिक्षिका म्हणाली. "गेल्या चार वर्षांत झाले. मुलं मागून नावं ठेवतात, कळतं मला. तुमचा फोटो बघितला आणि धीर आला."

"दात घासताना रक्त येतं?" ताईने विचारलं.

"सगळ्यांनाच येतं की."

खोलीत आणखी पाच माणसं बसली होती. ताई काउंटरवरून पुढे वाकली. "बाई, माझं ऐका. इथे नाव लिहू नका. आधी सरकारी दवाखान्यात जाऊन हिरड्या दाखवा. आजच. तार मागाहून."

शिक्षिकेने फोटोकडे बघितलं, मग हिच्याकडे. "तुमचे झाले ना चार महिन्यांत?"

"झाले, पण..."

"पण काय?"

त्या क्षणी ताईला फक्त तोंडात बोट घालून प्लेट बाहेर काढायची होती. काढून समोर धरली असती, दोन दात आणि त्यांच्यामागची रिकामी जागा, तर एक शब्द बोलावा लागला नसता. तिचा हात ओठापर्यंत गेला. पाच माणसं बघत होती. ऊन काउंटरवर आलं होतं. हात ओठ पुसून खाली आला. तेवढं तिच्याने झालं नाही.

"पण प्रत्येकाचं वेगळं असतं," ती म्हणाली.

शिक्षिकेची मान ताठ झाली. "म्हणजे तुम्ही मिरवायचं आणि आम्ही सरकारी रांगेत उभं राहायचं. असं होय!" आणि ती सरळ डॉक्टरांच्या दारावर टकटक करून आत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईला नेहमीच्याच गोड आवाजात सांगितलं की खाली कामाचा खोळंबा होतोय, नवीन माणसाचा हात बसलेला नाही, काही दिवस तुम्ही लॅब सांभाळा. काउंटरवर कोण, हे तिने विचारलं नाही. तिने खुंटीवरचा जुना अ‍ॅप्रन घेतला आणि मास्क लावला. या वेळी आठवणीने लावला.

तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रे आला. सोबत चिठ्ठी: शिक्षिकेचं नाव, आणि खाली, साधी प्लेट, पुढून तार.

त्या गुलाबी लगद्याचा एक गुण आहे. अर्ध्या तासात प्लास्टर ओतलं तर माप बरोबर. नाही ओतलं तर तो वाळतो, आकसतो, आणि माप फुकट जातं. अठरा वर्षांत ताईच्या हातून एकही माप असं गेलं नव्हतं. जेवण अर्धं टाकून ती उठायची. आज तिने फडकं सोडलं, ट्रे दिव्याखाली ठेवला, आणि हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. आधी कडा फिकट झाल्या. मग एक बारीक तडा गेला, मग दुसरा. तासाभराने तिने चिठ्ठीमागे लिहिलं, "माप गेलं," आणि ट्रे वर पाठवला.

शिक्षिकेला पुन्हा बोलावलं गेलं. दुसरा ट्रे आला. ताईने तोही वाळू दिला.

तेव्हा डॉक्टर स्वतः खाली आले. इतक्या वर्षांत ते त्या तळघरात किती वेळा आले असतील, हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. दारात डोकं आपटू नये म्हणून वाकून ते आत आले आणि तडे गेलेल्या मापाकडे बघितलं.

"हे काय चाललंय, ताई?"

"तिची हिरडी बघा."

"ती माझी पेशंट आहे."

"म्हणून सांगतेय. एकदा बघा. आरसा घेऊन बघा. मग म्हणाल ते बनवते, दहा बनवते."

"तुमचं जे झालं ते घाई केल्यामुळे झालं. हे सगळ्यांना लावून कसं चालेल?"

ताई उठली. तिने मास्क खाली ओढला, तोंडात बोट घातलं, आणि प्लेट काढून तळहातावर घेतली. आत हवा लागली तशी ती जागा झिणझिणली. तिने दिव्याखाली मान वर केली आणि तोंड उघडलं. दोन दात बांधलेले, मधे भोक, आणि त्याच्यावर आत खचलेली, सुरकुतलेली, जांभळट हिरडी. तोंड उघडं ठेवूनच ती अडखळत म्हणाली, "बघा."

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी तिच्या तळहातावरची प्लेट उचलली. दिव्याकडे धरली. डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, अंगठा कडेवरून अलगद फिरवून बघितला.

"सांधा कुठे दिसत नाही," ते म्हणाले. "रंग तर काय जुळवलाय! हात आहे हो तुमचा." मनापासून म्हणाले. आणि प्लेट तिच्या तळहातावर परत ठेवली. "उद्या तिला पुन्हा बोलावतो. आता तेवढं वाया घालवू नका."

वाकून, डोकं सांभाळून ते जिन्याकडे गेले.

ताईने तोंड मिटलं. नळाखाली प्लेट धुतली आणि जागेवर बसवली. मग अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावला, मोटारीचं बटण बंद केलं, डबा पिशवीत टाकला, आणि दिवे तसेच ठेवून निघाली. उद्याच्या मापाला तिचा हात लागणार नव्हता. त्याने शिक्षिकेचे दात वाचणार नव्हते, हे तिला पक्कं कळत होतं. प्लास्टर काय, कुणीही ओततं.